काला झाला, आता मांडव उतरवा



तुमच्या गावच्या देवळात शिरताना दाराशेजारी एक फलक असेल. पत्र्याचा, निळ्या रंगाचा, कडेने गंजलेला. वर मोठ्या अक्षरात 'जीर्णोद्धार समिती', खाली अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार, सचिव, मग मार्गदर्शक, मग सदस्यांची लांबलचक यादी. त्यातले तीन-चार जण वैकुंठवासी झालेले. जीर्णोद्धार कधीच पुरा झाला. कळस चढला, त्या दिवशी पंचक्रोशी जेवली, काल्याच्या कीर्तनाला पाय ठेवायला जागा नव्हती. तरी फलक आहे. फलक आहे म्हणजे समिती आहे, आणि समिती आहे म्हणजे पावतीपुस्तकही कुणाच्या तरी कपाटात आहेच.

समिती करायला आपण शिकलो, मोडायला शिकलो नाही. इतरांना हे जमले नाही तर मी समजू शकतो. वारकऱ्याला जमू नये याचा मात्र मला राग येतो, कारण काम झाल्यावर मोडण्याची विद्या आपल्या संप्रदायाइतकी रोजच्या व्यवहारात मुरलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

सप्ताहातला विणा आठवा. सात दिवस तो खाली टेकत नाही. पहाऱ्यांची यादी देवळाच्या खांबावर चिकटवलेली असते. आपला पहारा आला की विणेकऱ्यापुढे जायचे, नमस्कार करायचा, विणा गळ्यात घ्यायचा आणि उभे राहायचे. दोन तास तुम्ही त्या सप्ताहाचे धनी. तुमच्या पायावर लोक डोके ठेवतात, त्यात तुमचा बाप असतो, तुमचा सावकार असतो. पण पहारा संपला की पुढचा माणूस समोर येऊन उभा राहतो आणि विणा त्याच्या गळ्यात जातो. आजवर कुणी असे म्हटल्याचे ऐकले आहे का, की माझा अनुभव दांडगा आहे, विणा माझ्याकडेच असू द्या? की पुढच्याला विण्याची किंमत कळायची नाही, म्हणून मी तो घरी नेऊन ठेवतो? असे कुणी म्हटलेच तर लोक त्याला दूध पाजून झोपवतील. पण त्याच देवळाच्या खजिन्याची किल्ली, मंडपाचे पाइप, कर्णे, पातेली, बँकेतले खाते यांच्याबाबत हेच वाक्य दरवर्षी बोलले जाते, आणि आपण मान डोलावून पंगतीला बसतो.

आता दिंडी घ्या. आळंदीहून निघताना ती बांधली जाते. विणेकरी कोण, चोपदार कोण, झेंडा कुणाच्या खांद्यावर, तुळस कुणाच्या डोक्यावर, भिशी किती, तंबू कोण उभारणार, ट्रकवर सामान कोण चढवणार, सगळे ठरते. महिनाभरही न चालणाऱ्या या व्यवहारात जेवढी शिस्त असते तेवढी आमच्या तालुक्याच्या कचेरीत नसते. नीरेला माउलींच्या पादुकांचे स्नान होते, पूल ओलांडून सोहळा सातारा जिल्ह्यात येतो, लोणंदला मुक्काम पडतो, चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण होते, तरडगाव, फलटण, बरड करीत पुढे सरकतो. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो आणि दिंडी मोडते. 'मोडते' हाच आपला शब्द आहे, आणि तो उच्चारताना कुणाला अशुभ वाटत नाही. थोडी माणसे माउलींबरोबर परतवारीला चालतात, बाकीची एसटीच्या रांगेत उभी राहतात. काल ज्याने चोपदाराचा दंड धरला होता तो उद्या शेतात कोळपे धरतो.

समाजआरती ज्यांनी पाहिली असेल त्यांना पुढचे सांगायला नको, पण तरुण वाचकांसाठी लिहितो. मुक्कामाच्या तळावर पालखी आली की सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात. टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण एखाद्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. त्या गप्प झालेल्या तळावर तेवढेच टाळ वाजत राहतात. चोपदाराला तिथे जावे लागते, तक्रार ऐकावी लागते, तड लावावी लागते. मग हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो, उद्या निघायची वेळ सांगितली जाते आणि मग आरती. म्हणजे माउली, लाखो माणसांच्या सोहळ्यात सर्वांत लहान दिंडीलाही सर्वांसमोर रोज संध्याकाळी जाब विचारता येतो, आणि तो विचारल्याशिवाय देवाची आरतीसुद्धा पुढे सरकत नाही. तुमच्या गावच्या समितीची वार्षिक सभा शेवटची कधी झाली होती?

इथे कुणीतरी हैबतबाबांचे नाव काढील, आणि काढलेच पाहिजे. हैबतबाबा आपल्या साताऱ्याकडचे, आरफळचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडची चाकरी सोडून आळंदीला आले आणि माउलींच्या पालखी सोहळ्याला आज दिसते ते रूप त्यांनी दिले. ते तर टिकले की! दोनशे वर्षे होत आली. मग टिकणे वाईट कसे? टिकला तो सोहळा. त्यासाठी दरसाल जी माणसे एकत्र येतात ती दरसाल पांगतात, आणि पांगतात म्हणूनच पुढच्या वर्षी पुन्हा हौसेने येतात. जे कायम चालायचे होते त्याला बाबांनी कायमची व्यवस्था दिली, मानकरी ठरवले, क्रम ठरवला, अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले. जे कायमचे आहे ते उघडपणे कायमचे करावे, त्याची नोंदणी करावी, नियम लिहावेत, धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशोब पाठवावा. त्याला माझी ना नाही. माझे भांडण तात्पुरते म्हणून जन्मून कायमचे होऊन बसणाऱ्याशी आहे. त्याला ना कायमच्या संस्थेचा कायदा लागू, ना तात्पुरत्या कामाचा शेवट.

खटाव तालुक्यातले एक गाव सांगतो. नाव सांगत नाही, कारण तुम्हांला ते तुमचेच वाटावे अशी माझी इच्छा आहे. मारुतीच्या देवळाचा सभामंडप पडायला आला म्हणून समिती झाली. माणसे भली होती. मुंबईला माथाडीत काम करणाऱ्या पोरांनी पगारातून पैसे पाठवले, बायकांनी बचत गटातून दिले, एका म्हातारीने कोंबड्या विकून आणलेले पैसे अध्यक्षाच्या हातावर ठेवले. तीन वर्षांत मंडप उभा राहिला. काम उत्तम झाले, आजही पावसाचा थेंब आत येत नाही. कळसारोहणानंतर थोडी शिल्लक उरली. तेव्हाच पारावर बसून एका वहीत चार ओळी लिहिल्या असत्या, अमुक जमले, अमुक खर्चले, अमुक उरले, ते अमक्याला दिले, समिती संपली, तर गाव अजून त्या माणसांची नावे काढून हात जोडत असते.

तसे झाले नाही. शिल्लक आहे म्हणून समिती राहिली. समिती राहिली म्हणून सप्ताह तिच्याकडे आला. सप्ताहाची वर्गणी जुन्या शिल्लकीत मिसळली. मंडपाचे पाइप आणि मोठी पातेली घेतली ती अध्यक्षांच्या गोठ्याशेजारच्या खोलीत गेली, आणि लग्नकार्याला ती कुणाला मिळतात आणि कुणाला मिळत नाहीत हे हळूहळू निवडणुकीवर ठरू लागले. नऊ वर्षे कुणी हिशोब विचारला नाही. दहाव्या वर्षी तरुणांनी विचारला. 'काल मिसरूड फुटलेली पोरं आम्हांला हिशोब विचारतात' असे उत्तर मिळाले. मग तरुणांनी काय केले असेल? त्यांनीही समिती केली! शाळेच्या पटांगणात दुसरा सप्ताह, त्याच तिथीला, दुसऱ्या कर्ण्यांसह. सातशे उंबऱ्यांच्या गावात दोन काकडे, दोन हरिपाठ, दोन महाप्रसाद. एका सोयऱ्याच्या घरातला थोरला देवळात जेवला आणि धाकटा शाळेत. गावचे सगळ्यांत जुने विणेकरी दोन्ही ठिकाणी पहारा देत होते, रात्री दोन वाजता एका मांडवातून दुसऱ्या मांडवात चालत जात होते. दोन वर्षांनी त्यांनी दोन्हीकडचे बंद केले आणि घरी ओसरीवर बसून एकट्याने हरिपाठ म्हणू लागले.

अध्यक्षांनी पैसे खाल्ले का? मला तसे वाटत नाही. मी त्यांना ओळखतो, बहुधा पदरचेच घातले असतील. पण लिहून दाखवले नाही, आणि जे लिहून दाखवले नाही ते गावाच्या लेखी खाल्लेच. समिती वेळेवर न मोडल्याने पहिला बळी जातो तो चांगल्या माणसाच्या नावाचा. लबाड माणसाला त्यात गमावण्यासारखे काही नसते.

आपल्याकडे पूर्वी हे असे नव्हते. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसायची. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे जाणते, सगळे एखाद्या देवळात नाही तर नदीच्या संगमावर जमायचे. दोन्ही बाजू ऐकायच्या, साक्षी घ्यायच्या, निवाडा करायचा आणि त्याचा महजर लिहायचा. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची खूण काढी. कुणब्याच्या नावापुढे नांगर. असे महजर आजही दप्तरांतून वाचायला मिळतात. आणि महजर झाला की सभा उठली. त्या तंट्यासाठी बसलेली गोत पुढच्या तंट्यासाठी तशीच बसून राहत नसे. नवा तंटा, नवी बैठक. ती पद्धत सर्वांना सारखी न्याय देणारी होती असे मी म्हणणार नाही, खालच्या बाजूला बसवलेल्यांना विचारा. पण कागद व्हायचा आणि बैठक उठायची, या दोन गोष्टी तिला पक्क्या ठाऊक होत्या.

फार मागे जायला नको. आपल्या आजोबांच्या काळात याच मातीत एक मोठे उदाहरण घडले. तेव्हा सातारा आणि सांगली एकच जिल्हा होता. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ साली आणि त्याला सांगली हे नाव मिळाले १९६० साली. बेचाळीसच्या सप्टेंबरात वडूजच्या मोर्च्यावर गोळ्या चालल्या, इस्लामपुरात चालल्या, आणि १९४३ मध्ये क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. कुंडल हे त्याचे मोठे ठाणे. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर ही त्यातली माणसे. तुफान सेना होती, गावोगाव न्यायदान मंडळे होती. सावकाराचे तंटे, बांधाचे तंटे, बाईला टाकून दिल्याचे तंटे तिथे सुटत. थोड्या खर्चात लग्ने लावली जात. गुंडाला आणि इंग्रजांच्या खबऱ्याला शिक्षा होई, ती कशी होई हे 'पत्री सरकार' या नावातच आहे.

विचार करा, केवढी सत्ता ही! पोलीस गावात यायला भितो, आणि निवाडा तुमच्या शब्दावर होतो. आजच्या सप्ताह समितीच्या खजिनदाराला किल्ली सोडवत नाही, या लोकांच्या हातात तर माणसाच्या इभ्रतीचे आणि हाडामांसाचे निकाल होते. पण १९४६ साली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे उठली, भूमिगत माणसे घरी परतली आणि प्रतिसरकार संपले. त्यातले अनेक जण पुढे राजकारणात गेले, नाना पाटील १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेत गेले, कुणी साखर कारखाने काढले, कुणी शाळा काढल्या. त्यावर ज्याला टीका करायची त्याने करावी. पण न्यायदान मंडळाचा फलक दारावर ठेवून कुणी गावाकडून जन्मभर दंड वसूल करीत बसले नाही. ज्या कामासाठी ते उभे राहिले होते ते काम सरले होते, आणि हे त्यांना कळले.

आता तुम्ही मला अडवाल. म्हणाल, बुवा, तुम्ही मोडा-मोडा म्हणता, पण काम अर्धे टाकून मोडणाऱ्यांचे काय?

बरोबर विचारलेत, आणि इथे माझा सूर जरा वेगळा आहे. २०१९ चा ऑगस्ट सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसे डोळ्यांदेखत बुडाली. त्या आठवड्यात जिल्ह्याजिल्ह्यांतून पूरग्रस्त मदत समित्या निघाल्या. जिथे टँकरने पाणी येते त्या दुष्काळी भागातूनही भाकरीची गाठोडी आली. त्या भाकरीला मी दंडवत घालतो. पण त्यातल्या किती समित्या दिवाळीनंतर दिसल्या? धान्य वाटले, सतरंज्या वाटल्या, जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले, फोटो छापून आले आणि समिती विरघळली. ज्याचे मातीचे घर बसले त्याचा पंचनामा झाला का, भाडेकरूचे नाव यादीत आले का, पोराची दप्तरे-पुस्तके आली का, शेतमजुराला चार महिने काम नाही तर तो जेवतो काय, ही खरी कामे पाणी ओसरल्यावर सुरू झाली आणि तेव्हा मांडवात कुणी नव्हते. आणि हिशोबही मागे ठेवला नाही! काम सोडून गेलेली समिती आणि काम नसताना बसलेली समिती या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. दोघींच्याही पहिल्या बैठकीत एकच गोष्ट लिहायची राहिलेली असते: आपण नेमके काय करायला जमलो आहोत आणि ते झाले हे कशावरून ओळखायचे.

सरकारी समित्यांचे आणखी निराळे. त्या वेळेवर मोडतात, पण मोडल्यावर त्यांचे काम कुणाच्याच दारी जात नाही. त्याच पुरानंतर सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यास समिती नेमली. तिने २०२० मध्ये अहवाल दिला. २०२१ च्या जुलैत कृष्णेचे पाणी पुन्हा सांगलीत शिरले. अहवालाच्या पानाने पाणी अडत नाही हे मलाही कळते. पण अहवाल देणाऱ्याचा पहारा संपला तेव्हा विणा घ्यायला पुढे कोण उभे होते, एवढे विचारण्याचा हक्क पुरात घर गेलेल्या माणसाला आहे की नाही? पंढरपूरचेच पाहा. देवळाच्या कारभाराची चौकशी करायला नाडकर्णी आयोग बसला, १९७३ साली कायदा झाला, बडवे-उत्पात कोर्टात गेले आणि शेवटचा निकाल लागला २०१४ च्या जानेवारीत. आयोगाने आपला पहारा दिला; विणा मात्र चाळीस वर्षे कोर्टाच्या कोनाड्यात.

आणि काही समित्या मोडू नयेत अशाही असतात, हे मी मान्य करतो. संयुक्त महाराष्ट्र समिती ६ फेब्रुवारी १९५६ ला स्थापन झाली. १९५७ च्या ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा तिने केलेली निदर्शने आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना आठवत असतील. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मग आतल्या पक्षांत वाद पेटला, काम झाले की नाही झाले? मुंबई मिळाली, बेळगाव नाही. ज्यांना काम झाले असे वाटले ते बाहेर पडले, ज्यांना वाटले नाही ते राहिले. मला दोघांचेही म्हणणे समजते. माउलींचा अश्व आजही ज्या अंकलीहून निघून सांगली-सातारा जिल्ह्यांतून चालत आळंदीला जातो, ती अंकली चिकोडी तालुक्यात आहे, आणि चिकोडी कर्नाटकात आहे. तिथल्या मराठी माणसाला 'काम झाले, समिती मोडा' असे सांगायला माझी जीभ रेटणार नाही. तिथे काम राहिले आहे म्हणून माणसे राहिली आहेत. तुमच्या देवळावर तर कळस चढून वर कबुतरे बसली, मग तुम्ही कशासाठी राहिलात?

एक गोष्ट मला आमच्या कीर्तनकार मंडळींना सांगायची आहे, आणि ती गोड लागणार नाही. महाराज, तुम्ही काल्याच्या दिवशी गादीवर उभे राहता. संपूर्ण गाव समोर असते, इतर वेळी एकमेकांचे तोंड न पाहणारेसुद्धा. त्या क्षणी तुमच्या शब्दाला जे वजन असते ते आमदाराच्या नसते. आणि तुम्ही त्या वजनाचे करता काय? अध्यक्षांना दानशूर म्हणता, त्यांना नारळ देता, त्यांच्या चिरंजीवांना फेटा बांधता. बिदागीचे पाकीट त्यांच्या हातून यायचे आहे हे आम्हांला दिसते हो. तुकोबारायांनी लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खतपत्रे इंद्रायणीत सोडली हा प्रसंग तुम्ही रंगवून सांगता, आमचे डोळे पुसायला लावता, आणि खाली उतरल्यावर ज्या वहीचा वीस वर्षे कुणी दोरा सोडलेला नाही त्या वहीच्या धन्याशेजारी पंगतीला बसता. काल्याचे कीर्तन सुरू करण्याआधी एवढेच म्हणा: 'सप्ताहाचा हिशोब वाचा, मग मी उभा राहतो.' एका वर्षी दहा महाराजांनी सातारा-सांगलीत असे म्हटले तर दहा गावांत वही उघडेल. नाही उघडली, तर निदान गावाला कळेल की ती मिटलेली आहे.

आणि माय-बहिणींनो, तुम्ही. सप्ताहाच्या आठही दिवशी घरोघरची भाकरी तुमची, दोनशे-तीनशे भाकऱ्यांच्या थप्प्या तुमच्या, मिरवणुकीत तुळस तुमच्या डोक्यावर, पहाटे काकड्याला सडा तुमचा. त्या निळ्या फलकावर तुमच्यातल्या किती जणींचे नाव आहे? मी मोजत बसतो तेव्हा बहुतेक गावी बोट हलवावे लागत नाही. ज्यांना घरात वीस रुपयांचाही हिशोब चोख लागतो त्यांना देवाच्या हिशोबापासून लांब ठेवण्याचे कारण मला एकच दिसते, आणि ते लिहिण्याची गरज नाही.

कायदा काही लोकांना भीतिदायक वाटतो, म्हणून त्याबद्दल थोडे. नोंदणी नसलेल्या मंडळाने धार्मिक वा धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसा गोळा करायचा तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ क आहे. १९५० च्या या कायद्याप्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि काम आटोपल्यावर जमाखर्च द्यावा लागतो. गणेशोत्सव मंडळांना हे पाठ आहे. आम्हांला वाटते आम्ही माळकरी, आम्हांला कशाला? माळ गळ्यात आहे म्हणून पावतीवर शिक्का नको असे कुठे लिहिलेले नाही. पण कायद्याच्या आधी गावाची लाज आहे. पहिल्या बैठकीतच इतिवृत्ताच्या पहिल्या पानावर काम लिहा आणि शेवटची तारीख लिहा. काम राहिले तर गावापुढे येऊन तारीख वाढवून घ्या, गाव नाही म्हणत नाही. उरलेला पैसा कुठे जाईल हे पैसा जमायच्या आधी ठरवा, कारण जमल्यावर ते ठरत नाही. शाळेला द्या, पंढरपूरच्या एखाद्या धर्मशाळेला द्या, पुढच्या सप्ताहाच्या नव्या मंडळाकडे पावती घेऊन सोपवा. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, इतरत्रही बांधल्या, विश्वस्त नेमले आणि आपल्या नात्यागोत्यातल्या कुणाचा त्यावर हक्क नाही हे बजावून ठेवले. बाबांची सही सोपी नव्हती, पण व्यवहार फार सोपा होता.

आणि जमाखर्चाचा कागद देवळाच्या त्याच खांबावर चिकटवा, जिथे पहाऱ्यांची यादी लावता. पै-पैचा. केळी किती आणली, गॅसच्या टाक्या किती लागल्या, महाराजांना किती दिले, सगळे. एक महिना तो राहू द्या. ज्याला विचारायचे तो विचारील.

तुम्ही वर्गणीदार आहात, समितीत नाही, तर तुमचे काय काम, असे म्हणून हा अंक मिटू नका. मघाशी सांगितलेली समाजआरती पुन्हा आठवा. चोपदाराने दंड उंच केला म्हणून सगळ्यांनी टाळ थांबवले, पण गाऱ्हाणे असलेल्या दिंडीने थांबवले नाहीत, आणि त्यात कुणाला उद्धटपणा वाटला नाही. तुम्ही एकटे असाल. जेवणाच्या पंगतीत, अंगतपंगतीच्या गप्पांत विचारू नका, ते कुजबुजणे होते. सगळे जमले असताना, काल्याच्या आधी, हात जोडून उभे राहा आणि वही मागा. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.

माघात आमच्याकडे सप्ताह सुरू होतील. यंदा ज्या गावात नवा मांडव पडणार असेल तिथल्या मंडळींना एक मागणी आहे: पातेली, सतरंज्या, मंडपाचे पाइप यांची मोजदाद करून यादी करा आणि त्या वस्तू ग्रामपंचायतीच्या नाही तर शाळेच्या खोलीत ठेवा, किल्ल्या दोघांकडे द्या, आणि त्या दोघांची घरे वेगवेगळ्या आळीत असू द्या.